मामंजी संपले

सोजराच्या भाकरीला नाव ठेवणारा माणूस तिच्या सासरच्या गावी, निघोज्यात, अजून जन्मला नव्हता, आणि हे सोजराला कुणी सांगायची गरजही नव्हती. ज्वारी असो, बाजरी असो, पिठाचा गोळा हातात आला की ती बोलता बोलता भाकरी थापून मोकळी. म्हणून सासऱ्यांनी शेतातली चवळी आणि घरचं मक्याचं पीठ धाडून "हेच कर, दुपारी जेवायला येतो" असा निरोप दिला, तेव्हा ती गालात हसली. मक्याची तर मक्याची, त्यात काय मोठंसं!

पण निरोप तेवढ्यावर थांबला नव्हता. छपन्न साली पिंपरीत नवा कारखाना निघाला, तिचा नवरा मालोजी तिथं फिटरच्या हाताखाली लागला आणि दोघांनी चाळीत खोली घेतली. सासऱ्यांना ते मुळीच पटलं नव्हतं. "तितं मानूस मेला तरी शेजारी दार उघडत न्हाई म्हनं," असं त्यांचं म्हणणं. "मी येतो, जेवतो, चार मानसं बघतो. मन न्हाई भरलं तर दोघास्नी गाडीत घालून माघारी आनतो." सोजराला माघारी जायचं नव्हतं. तिला स्वतःची चूल आवडली होती, आणि हे तिनं नवऱ्याला चांगलं ठणकावून सांगितलं होतं.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी. सासऱ्यांचं नाव मकाजी. सासऱ्याचं नाव घेणारी सून त्या काळी शोधून सापडली नसती. एखादीचा सासरा गेनबा असला तर तिचं काही अडत नाही, गेनबा काही कुणी रांधत नाही. सोजराच्या वाट्याला नेमका मका आला. 'मका' म्हटलं की अर्ध्याहून जास्त सासरा तोंडातून बाहेर पडणार! म्हणून लग्न झाल्यापासून ती मक्याला सरळ 'मामंजी'च म्हणायची. 'मामंजींना कणसं धरली', 'मामंजींना पाखरं लागली'. निघोज्यात सगळ्यांना सवय होती. पिंपरीच्या चाळीत कुणालाच नव्हती.

चवळीची आमटी झकास शिजत आली. सोजरानं पीठ मळायला घेतलं आणि तिथं घोडं अडलं. पहिली भाकरी हातातच चिरली. दुसरी परातीतून उचलताना दोन तुकडे झाली. तिनं गरम पाणी घातलं, तर गोळ्याची पातळ खळ झाली. वर पीठ घातलं, पुन्हा कोरडं पडलं. असं करता करता डबा रिकामा झाला आणि सोजराला रडूच कोसळलं.

शेजारच्या खोलीत अंबूबाई राहायची. मराठवाड्यातली बाई, मायाळू आणि उतावळी. मधली भिंत छपरापर्यंत पोचलेली नव्हती, त्यामुळं दोघींचं बोलणं नेहमी वरूनच चालायचं.

"अंबूबाई, घात झाला वो! मामंजी संपले!"

"काय सांगतीस माय! कधी?"

"आत्ता, बघता बघता!"

"असं कामून झालं गं?"

"पयल्यापास्नंच कोरडे पडले व्हते. गरम पाणी घातलं, पन काय उपयोग न्हाई. पार मोडून गेले."

"अन् तू एकलीच हायेस घरात?"

"एकलीच की! ह्यांना कुणीतरी कळवा वो. म्हणावं, येताना..."

येताना गिरणीतून आणखी पीठ आणा, हे पुढचं वाक्य ऐकायला अंबूबाई होती कुठं? तिनं आपल्या नवऱ्याला, उद्धवरावाला, कारखान्याच्या फाटकाकडं पिटाळलं आणि स्वतः चाळभर सांगत सुटली. इकडं सोजराला दम धरवेना. तिनं चवळी निखाऱ्यावर ठेवली, दाराला बाहेरून कडी घातली आणि मागच्या बोळातून गिरणी गाठली.

चाळ गोळा झाली. कडी बघून बायका चपापल्या.

"पोरगी नवऱ्याकडं धावली असंल," अंबूबाई म्हणाली. "पोटचा लेक आल्याबिगर कडी काढायची नाय. बसा हितंच."

"पन आतून चवळीचा वास येतोय!"

"म्हाताऱ्यासाठीच रांधली होती गं. नशिबात नव्हती बिचाऱ्याच्या!" असं म्हणून अंबूबाईनं गळा काढला. मग बाकीच्यांनीही काढला.

एवढ्यात तळवड्याच्या बाजूनं बैलगाडी आली आणि मकाजी उतरले. पिंपरीला ते पहिल्यांदाच येत होते, खोली त्यांना ठाऊक नव्हती. गर्दी बघून त्यांनी पायताण काढलं. मयताच्या दारावरून तसाच निघून जाणारा तो माणूस नव्हता.

"कोन गेलं, बाई?"

"हिथल्या सुनेचा सासरा."

"अरारा! कसा व्हता मानूस?"

"देवमाणूस!" अंबूबाईनं डोळे पुसले. तिनं त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. "सुनेला लेकीवानी वागवायचा. निघोज्याहून शेतातली चवळी धाडली, आन् आज जेवायला येऊन बघा..."

मकाजी पागोटं सावरता सावरता थांबले. निघोजं, चवळी, जेवण. गेलेला सासरा म्हणजे आपणच, हे त्यांच्या ध्यानात आलं. दुसरा कुणी असता तर ओरडून उठला असता. पण मकाजींना हयातीत कुणी देवमाणूस म्हटलं नव्हतं. ते सरकून जवळ बसले.

"आनखी काय म्हनत व्हती सून?"

अंबूबाई सांगत गेली, मकाजी ऐकत गेले. शेवटी त्यांना स्वतःचं इतकं वाईट वाटलं, की त्यांनी धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं.

तेवढ्यात तेलकट कपड्यांतली माणसं धावत आली. सगळ्यांच्या पुढं मालोजी.

"आबाऽऽ! मला टाकून गेला वो!" त्यानं दारावर डोकं टेकलं.

"न्हाई गेलो अजून," मागून आवाज आला. "उठ, नाक पूस."

मालोजीनं हंबरडा अर्ध्यावर सोडून मागं बघितलं. अंबूबाई किंचाळली. उद्धवराव तर तीन दारं पलीकडं जाऊन उभा राहिला. आणि बोळातून, पदरात गाठोडं धरून, सोजरा आनंदानं ओरडत आली.

"अंबूबाई! मिळाले वो मामंजी! गिरणीत व्हते! पायलीभर मिळाले!"

"पायलीभर?" अंबूबाईनं आधी मकाजींकडं बघितलं, मग गाठोड्याकडं.

सोजराची नजर खऱ्या सासऱ्यांवर गेली आणि तिनं पटकन डोक्यावर पदर ओढला. मकाजींनी गाठोड्यातलं पिवळं पीठ पाहिलं आणि ते पोट धरून हसायला लागले.

"आरं, माझं नाव मकाजी! पोर नाव घेत न्हाई, मक्याला मामंजी म्हनती!"

मग काय विचारता! कडी निघाली. चार बायका भाकरी थापायला बसल्या, आणि चौघींच्याही मोडल्या. सोजरानं मान खाली घालून तुकडे वाढले. मकाजींनी ते चवळीच्या आमटीत कुस्करले, भुरका मारला आणि ताट चाटूनपुसून खाल्लं.

मालोजीनं भीत भीत विचारलं, "आबा, सामान भरू का गाडीत?"

"कशाला? निघोज्यात मी खराखुरा मेलो तरी कांदं काढायच्या दिसांत चार टाळकी जमायची न्हाईत. हितं न बघितलेल्या मानसासाठी लोकांनी काम सोडलं. ऱ्हावा हितंच."

सोजराला इतका आनंद झाला की तिनं अंबूबाईला सगळ्यांदेखत मिठी मारली.

पुढच्या आठवड्यात मकाजी पुन्हा आले, मक्याच्या पिठाचं पोतं घेऊन आणि मुक्कामाच्या तयारीनं. संध्याकाळी भिंतीवरून अंबूबाईनं विचारलं, "सोजरे, येवढा मका किती दिवस पुरंल गं माय?"

"मामंजी आता वर्सभर तरी संपत न्हाईत बघा."

"वर्सभर?" ओट्यावरून आवाज आला. "शंभर वर्सं म्हन की गं!"