बिनतारी मशिन आणि बेबीचा झोका

खरेदीच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. वांगी घ्यायची असोत की सायकल, भाव पाडल्याशिवाय मी पिशवी उघडत नाही. पारोळ्याच्या बाजारातले दुकानदार मला लांबून ओळखतात. काही तर मला पाहून जेवायलाच निघून जातात.

तेव्हा सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात धुळ्याच्या बसस्टँडबाहेर मी ते मशिन घेतलं, ते पूर्ण विचार करूनच घेतलं. एका माणसानं चादरीवर घड्याळं, छत्र्या आणि कॅल्क्युलेटर मांडले होते. त्यात ते पडलं होतं. निळं, पिस्तुलासारखं, बिनतारी ड्रिल मशिन!

"साहेब, वायर नाही, काही नाही. बॅटरीवर चालतं. लाईट गेली तरी काम चालू," तो म्हणाला आणि आंब्याच्या खोक्याच्या फळीला त्यानं बघता बघता भोक पाडून दाखवलं.

लाईट गेली तरी काम चालू, हे ऐकून मी विरघळलो. आमच्याकडे उन्हाळ्यात लाईट घाईतल्या पाहुण्यासारखी येते, चहा होईपर्यंतही थांबत नाही. तो बाराशे म्हणत होता, मी साडेचारशेला आणलं. बसमध्ये ते मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारचा माणूस एरंडोलपर्यंत जाणार होता, पण माझ्या मांडीकडे पाहून तो मागच्या सीटवर जाऊन बसला.

मशिन हवं होतं ते बेबीसाठी. बेबी म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. माघात तिचं लग्न होऊन ती धुळ्याला गेली आणि आता पहिल्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणार होती. आमच्या खान्देशात अखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, आमरस आणि मांडे खातात आणि दिवसभर झोके घेतात. ज्या दारात झोका नाही, ते माहेर कसलं?

आमच्या दारात झोका नव्हता. पूर्वी होता. अंगणात मोठा कडुनिंब होता आणि बेबी लहानपणापासून त्याच्यावरच झोके घ्यायची. दोन वर्षांपूर्वी ओसरी वाढवून तिच्यावर स्लॅब टाकायचा म्हणून मी तो निंब तोडला. बेबी तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी मी तिला शब्द दिला, "तुझ्या पहिल्या अखाजीला नव्या स्लॅबला झोका बांधीन. मी स्वतः बांधीन."

आणि आता तिचं अंतर्देशीय पत्र आलं होतं. शेवटी लिहिलं होतं, "नाना, झोक्याचं जमलं नसेल तर राहू द्या. मी जीवरामकाकांच्या निंबावर झोके घेईन. वाईट वाटून घेऊ नका."

मला इतकं वाईट वाटलं की मी ते पत्र लताबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, दाखवलंच नाही. पहिल्या अखाजीला माझी पोर शेजारच्या झाडावर झोके घेणार, आणि शेजारी कोण तर जीवरामभाऊ!

जीवरामभाऊ कूलर बनवतात. त्यांच्याकडेही बिनतारी मशिन आहे. त्यांच्या साल्यानं ते आखातातून आणलं, मोठ्या परदेशी कंपनीचं. ते हिरव्या पेटीत राहतं आणि दसऱ्याला त्याची वेगळी पूजा होते. माझं मशिन त्यांनी दोन बोटांत धरून पाहिलं आणि हलवलं. आत काहीतरी खुळखुळलं.

"नाना, सस्ता रोये बार बार, महंगा रोये एक बार," ते म्हणाले. "माझं घेऊन जा."

"कंपनीचं नाव भोक पाडतं का?" मी म्हणालो. "भोक पाडतं ते बिट. लोखंड काय, इथलंही तेच आणि तिथलंही तेच. तुम्ही पैसे दिलेत ते हिरव्या पेटीचे."

"बरं," ते म्हणाले आणि हसले. त्या हसण्यामुळेच मी पुढचं सगळं केलं.

अखाजीच्या आदल्या दिवशी बेबी साडेअकराच्या बसनं येणार होती. मी पहाटेपासून जागा होतो. आठ तास चार्जिंग करा, असं मशिनच्या कागदावर लिहिलं होतं. लाईटनं मला एकूण सव्वातीन तास दिले होते. तरी बटण दाबलं की ते घुर्र करत होतं, आणि मला तेवढं पुरे होतं. साडेआठला मी ओसरीत पलंग ओढला, पलंगावर स्टूल ठेवलं आणि स्टुलावर चढलो.

"कुठं पाडायची भोकं?" मी विचारलं.

लताबाई खाली बसून मांड्यांचे गहू निवडत होती. ती उठली, तिनं झाडू उचलला आणि झाडूच्या दांड्यानं स्लॅबवर टकटक केलं. "इथं एक. आणि इथं दुसरं."

इतकं नेमकं सांगितल्याचं मला कौतुकच वाटलं. बायकांना अंदाज असतो. मी पहिल्या जागी बिट टेकवलं आणि बटण दाबलं. मशिन ओरडलं आणि प्लास्टर पिठासारखं माझ्या डोळ्यांत, नाकात आणि बनियनमध्ये पडू लागलं. बोटाच्या एका पेरापर्यंत बिट सुरसुर आत गेलं. मग खर्रकन थांबलं. मी जोर लावला. स्टूल हललं, पण बिट हललं नाही.

"अहो, एवढं खोल कशाला?" लताबाई खालून म्हणाली. "वरचा पापुद्रा निघाला की झालं ना."

"झोका टांगायचाय, कॅलेंडर नाही," मी म्हणालो. "यातलं तुला काही कळत नाही. तू गहू बघ."

ती गहू बघू लागली. मी घड्याळ पाहिलं. नऊ वाजले होते.

दुसऱ्या जागी मी युक्ती केली. थोडं तिरपं धरलं. बिट पुन्हा पेरभर गेलं, पुन्हा खर्र झालं, पण या वेळी एका बाजूनं सरकत आणखी आत शिरलं. मला आनंद झाला. तेवढ्यात मशिनचा आवाज बारीक झाला, मग आणखी बारीक झाला, आणि ते थांबलं. बॅटरी संपली होती. मी ते ओढलं, निघेना. दोन्ही हातांनी धरून ओढलं, तेव्हा पायाखालचं स्टूल निघालं.

क्षणभर मी साडेचारशे रुपयांच्या मशिनला लोंबकळत होतो. आणि खरं सांगतो, त्यानं माझं वजन धरलं. ही एक गोष्ट त्या मशिनच्या बाजूनं नोंदवायला हवी. मग माझी बोटं सुटली आणि मी पलंगावर आदळलो. पलंगाची एक नवार तुटली.

"लागलं का?" लताबाईनं विचारलं.

"नाही. चार्जर लाव."

"लाईट गेली. चारला येणार."

मी वर पाहिलं. निळं मशिन छताला उलटं चिकटलं होतं. लाईट गेली तरी काम चालू म्हणणारा तो माणूस खोटं बोलला नव्हता. फक्त काम चालू ठेवायला आधी लाईट लागते, हे त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. भाव पाडण्यात गुंतलो होतो.

सव्वादहा वाजले. मी ओसरीतून अंगणात गेलो, अंगणातून ओसरीत आलो. दोर तपासला. पुन्हा रस्त्यावर जाऊन पाहिलं, बस कुठं दिसते का. बस साडेअकराची होती आणि स्टँड आमच्या घरावरून दिसत नाही, तरी दोनदा पाहिलं. शेवटी गेलो जीवरामभाऊंकडे.

ते अंगणातच होते. निंबाखाली शिडी लावून फांदीला दोर बांधत होते.

"बेबीसाठी बांधतोय," ते म्हणाले. "म्हटलं, असू द्यावा."

ते मनापासून बोलत होते, म्हणून तर जास्त लागलं. "तुमचं मशिन द्या," मी म्हणालो.

एवढं बोलायला मला किती कष्ट पडले ते माझं मला माहीत. पण जीवरामभाऊंनी एका शब्दानं टोमणा मारला नाही. पेटी घेऊन ते स्वतः आले. ओसरीत येऊन त्यांनी छताला लटकलेलं माझं मशिन पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "हे आपोआप राहतंय का?"

मग ते चढले. पेटीतून मशिन काढलं, कपाळाला लावलं आणि पहिल्या जागी टेकवलं. आवाज कसा होता म्हणून सांगू! एकसारखा, शांत, शिकलेल्या माणसाचा. मला मनातून ते मशिन आवडलं. एका पेरापर्यंत ते गेलं आणि खर्रकन थांबलं.

"अहो, फार खोल," लताबाई म्हणाली.

"वहिनी, हे फॉरेनचं आहे," जीवरामभाऊ म्हणाले आणि त्यांनी जोर लावला. मशिन कटकटकट वाजलं, त्यांचं मनगट पिरगळलं, आणि बिट मधोमध तुटून उडालं ते थेट मांड्यांच्या गव्हात जाऊन पडलं.

महाग एकदाच रडतं, असं जीवरामभाऊच म्हणाले होते. ते रडणं आज होतं.

"नाना, मशिनचा दोष नाही," ते मनगट चोळत म्हणाले. "तुमचा स्लॅबच वाईट आहे. नको तितका कडक आहे. कुणी ओतला?"

"सुकदेव आबांनी."

"त्यांनी सिमेंट जास्त घातलंय."

गवंड्यानं सिमेंट जास्त घातलं, अशी तक्रार आमच्या गल्लीत त्या दिवशी पहिल्यांदाच झाली असावी. पण आम्हा दोघांना ती पटली. मशिनं दोन, एक स्वस्त आणि एक महाग, दोन्ही हरली. मग दोष तिसऱ्याचाच असणार! आम्ही दोघंही तरातरा गल्लीच्या टोकाला गेलो आणि सुकदेव आबांना जेवणावरून उठवून आणलं. अकरा वाजून गेले होते.

आबांचं वय सत्तर. हातात जुना हातोडा. त्यांनी छताकडे पाहिलं, लटकलेल्या मशिनकडे पाहिलं, मग लताबाईकडे पाहिलं.

"काय करी राह्यनात तुम्ही?" त्यांनी अहिराणीत विचारलं.

"आबा, या स्लॅबमध्ये तुम्ही काय घातलंय ते खरं सांगा," मी म्हणालो. "दोन ठिकाणी भोक पाडायला गेलो, दोन्ही ठिकाणी बिट जात नाही."

आबा पलंगावर चढले, मला स्टूल धरायला लावलं आणि पहिल्या भोकाभोवती हातोड्यानं हलकेच चार टोले मारले. पाचव्या टोल्याला ताटाएवढं प्लास्टर खाली आलं. आत बोटाएवढी जाड लोखंडी कडी होती. स्लॅबला चिकटवून वाकवलेली. तिच्या अंगावर दोन ताजे ओरखडे होते, एक स्वस्त आणि एक महाग.

"या कड्या मीच बसाडेल शेतस," आबा म्हणाले. "तुन्ही बाईनी सांगं व्हतं. पोरना झोकासाठे."

मी लताबाईकडे वळलो. "तुला माहीत होतं?"

"म्हणजे?" ती म्हणाली. "तुम्ही बेबीला शब्द दिलात, म्हणून मी स्लॅबच्या वेळीच आबांना सांगितलं. मला वाटलं, तुम्ही त्याच मोकळ्या करताय. म्हणून तर झाडूनं जागा दाखवली. सकाळपासून सांगतेय, फार खोल नको, वरचा पापुद्रा काढा."

"पण मग त्या वाकवल्या कुणी?" जीवरामभाऊंनी विचारलं.

प्रश्न साधा होता. उत्तर मला त्याच क्षणी आठवलं. प्लास्टरच्या दिवशी मी इथंच उभा होतो. वर लोंबणाऱ्या दोन कड्या मला खुपत होत्या. मुंबईला एका साहेबांच्या फ्लॅटमध्ये मी कसं सपाट छत पाहिलं होतं! प्लास्टरवाल्याला मीच म्हणालो होतो, "ठोक त्या, बुजवून टाक. झोक्याचं नंतर बघू."

लताबाई माझ्याकडे बघत होती. ती रागावली की अहिराणीवर येते. "आते बोला," ती म्हणाली.

मी म्हणालो, "आबा, या सरळ होतील का?"

आबांनी हातपंपाच्या पाइपचा तुकडा मागवला, तो कडीत अडकवला आणि दमानं ओढला. कडी खाली आली. दुसरीच्या वेळी माझं मशिन आडवं आलं. त्याचं बिट कडी आणि स्लॅबच्या मधे घुसून बसलं होतं. जीवरामभाऊंनी बिट धरणारा चक सोडवून मशिन काढून दिलं. बिट तसंच वर राहिलं. दिवाळीला लताबाई त्याला आकाशकंदील टांगते.

पाऊण तासाचं काम आबांनी दहा मिनिटांत उरकलं. जीवरामभाऊंनी स्वतःच्या निंबाचा दोर सोडून आणला, कारण माझा दोर आखूड निघाला. तो मी भाव पाडून घेतला होता. आबा आणि जीवरामभाऊ, दोघांनी एकदम झोक्याच्या फळीवर बसून पाहिलं. कड्या हूं की चूं करत नव्हत्या.

शेवटची गाठ मारली आणि बेबी फाटकात उभी. हातात पिशवी, हिरवा चुडा, चेहरा उन्हानं लाल झालेला. तिची नजर सवयीनं आधी शेजारच्या निंबाकडे गेली. मग तिनं ओसरीत पाहिलं. पिशवी तिथंच टाकून ती धावत आली, आईला भेटली नाही, मला भेटली नाही, सरळ झोक्यावर बसली. पहिल्याच झोक्याला तिचे पाय ओसरीबाहेर गेले. ती लहानपणीसारखी हसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी प्लास्टर गेलंय म्हणून सांगितलं.

"नाना, तुम्ही शब्द पाळलात," ती वरून येता येता म्हणाली. "या कड्या मी आधी कधी पाहिल्या नव्हत्या. कुणी बसवल्या?"

"तुझ्या आईनं बसवून घेतल्या," मी म्हणालो. खोटं बोलायची हिंमत नव्हती. आबा समोर होते.

"कधी?"

"स्लॅब टाकला तेव्हाच," लताबाई म्हणाली.

झोका थांबला. बेबीनं पाय जमिनीला टेकवले आणि वर बघितलं. "मग दोन वर्षं या होत्या कुठं? बुजवल्या कुणी?"

आबा हातोडा पिशवीत घालू लागले. जीवरामभाऊंनी हिरवी पेटी उघडली आणि बंद केली. लताबाई गव्हात तुटलेलं बिट शोधू लागली.

"आलोच," मी म्हणालो. "एवढी बॅटरी चार्जिंगला लावून येतो."

आणि आत जाऊन चार्जरपाशी उभा राहिलो. लाईट चारला येणार होती.