मागं कोन हाये?

आमचे मनोहरभाऊजी कोणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधी त्या घराची दारं मोजतात. मनातल्या मनात नाही, चांगलं मोठ्यानं. "समोरचं एक, सैपाकघराचं एक... हे कुठं निघते? बाहेर?" मग त्यातलं सगळ्यात वर्दळीचं दार निवडून नेमकी त्याच्या उंबरठ्यावर खुर्ची टाकतात. येणाऱ्याजाणाऱ्यानं त्यांच्या गुडघ्यांना वळसा घालून जायचं. आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला गुरुजींनासुद्धा कलश सांभाळत आडवं होऊन आत यावं लागलं. सरोज, म्हणजे माझी बायको, त्या दिवशी म्हणाली, "तुमच्या भाऊजींनी घर कुठं पाहिलं? चौकट तेवढी पाहिली."

लोधीखेड्याच्या एका लग्नात त्यांनी हाच प्रकार मांडवाच्या कमानीखाली केला. पाहुण्यांना वाटलं, मुलीकडचे कोणी वडीलधारे स्वागताला बसवले आहेत. शंभरेक लोक वाकून त्यांच्या पाया पडले. भाऊजींनी प्रत्येकाला आशीर्वाद दिला आणि प्रत्येकाला विचारलं, "मांडवाले मागून रस्ता हाये का?"

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार सौसर, नोकरी रेल्वेच्या फाटकावर. पस्तीस वर्षं त्यांनी एकच फाटक लावलं आणि उघडलं. अशा माणसाचा जीव दारात अडकणारच, असं निदान मी केव्हाच करून टाकलं होतं. मला निदानं करायला फार आवडतं. एक चुकलं तर दुसरं करता येतं.

तरुणपणी ते रेल्वेच्या फुटबॉल टीमकडून बॅक खेळायचे, म्हणजे मागं राहून गोल राखायचे. जन्मात एकही गोल केला नाही, हे ते अशा थाटात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसानं जन्मात दारूला हात लावलेला नाही. "गोल करनारा खांद्यावर बसून जाते," ते म्हणतात. "बॅक पायदळ घरी जाते अन् गुडघ्याले हळद लावते." गप्पांत कोणी कशाची फार बढाई मारली, कोणाचा मुलगा पुण्याला लागला, कोणी मोठी गाडी घेतली, की भाऊजी सगळं ऐकून घेतात आणि शांतपणे विचारतात, "ते ठीक हाये. पन मागं कोन हाये?"

गप्पा तिथंच संपतात.

आता माझ्याबद्दल. मी पांढुर्ण्याच्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवतो आणि तिथल्या क्रीडा समितीचा संयोजक आहे. समिती नेमायच्या बैठकीला मी गैरहजर होतो, एवढीच माझी पात्रता. ऑफसाइड म्हणजे काय ते मला तीनदा समजावून झालं आहे. तिन्ही वेळा मी मान डोलावली.

गेल्या साली आमच्या टीमनं एका सामन्यात पाच गोल केले आणि आठ खाल्ले. पाच गोल करणारी टीम हरते कशी, हे माझ्यासारख्या हिशेबी माणसालाही समजेना. कप्तान नीलेश मला मैदानावर घेऊन गेला आणि त्यानं कारण दाखवलं. आमच्या मैदानाच्या एका टोकाला दोन जुने कडुनिंब आहेत, दाट सावलीचे. दुसऱ्या टोकाला काही नाही, नुसतं ऊन. मुलं एकाला कडुनिंबाचा गोल म्हणतात, दुसऱ्याला उन्हाचा. उन्हाचा गोल राखायची पाळी आली की आमचे चारही बॅक सावलीच्या ओढीनं पुढं सरकत सरकत हल्ल्यात सामील व्हायचे. कडुनिंबाचा गोल राखायचा असला की सावलीत टेकून बसायचे.

"सर, अटॅकले कोच नको," नीलेश म्हणाला. "अटॅक आपोआप होऊन राहिला. डिफेन्सले पायजे."

तर डिफेन्सचा कोच. प्राचार्य मॅडमनी जाहिरात दिली आणि दोन अर्ज आले. पहिला नागपूरच्या एका तरुणाचा, चार प्रमाणपत्रं जोडलेला. दुसरा वहीच्या पानावर, हातानं लिहिलेला. 'अनुभव : मागे उभे राहणे. मानधन : नको. अट : एक खुर्ची, हातवाली, गोलच्या मागे सावलीत.' खाली सही मनोहरभाऊजींची.

मी चक्रावलो. ज्या माणसानं पस्तीस वर्षांत बदलीसाठी अर्ज केला नाही, आपल्या हक्काच्या रजेसाठीसुद्धा केला नाही, त्यानं आता म्हातारपणी आमच्या टीमसाठी करावा? तोही सौसरहून बसनं ये-जा करून? पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून सौसरचे लोक इथं येतात ते कचेरीचे कागद घेऊन आणि कपाळाला आठ्या घालून. हौसेनं कोणी येत नाही. शिवाय ही हातांची खुर्ची कशाला? भाऊजी तर स्टुलावरसुद्धा तासन्‌तास बसतात.

विचारावं म्हणून ताईला फोन लावला. फोन भाऊजींनीच उचलला. ताई आंघोळीला गेली होती. संध्याकाळी लावला तर ती झोपली होती. सरोज भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "वर्ष झालं, तुमच्या ताईच्या फोनवर तुमचे भाऊजीच बोलून राहिले. तुम्हाला कधी काही वाटलं का?" मला वाटलं होतं की भाऊजी रिटायर झाल्यामुळे फोनलासुद्धा फाटक लावून बसले आहेत. आणखी एक निदान.

मुलाखतीला नागपूरचा तरुण लॅपटॉप घेऊन आला. त्यानं पडद्यावर बाण दाखवले, लाल आणि निळे. लाल बाण पुढं गेले की निळे मागं यायचे. मॅडम खूश झाल्या. मी मान डोलावली.

मग भाऊजी. ते दारातच थांबले, आधी सवयीप्रमाणे दारं मोजली. "दोन. मॅडम, एक तुमच्या मागं हाये. तिथं कोन हाये?"

"ते बाथरूम आहे," मॅडम म्हणाल्या.

"असू द्या. मागं हाये ना."

त्यांनी खुर्ची उंबरठ्यावर ओढली, अर्धी आत अर्धी बाहेर, आणि मुलाखत तिथूनच दिली. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर ताई बसली होती. "तिले बाजार करायचा होता," भाऊजी मला म्हणाले. ताईच्या मांडीवर कापडी पिशवी होती. मी मुद्दाम उठून तिच्याजवळ गेलो. ती हसली आणि म्हणाली, "जेवलास का रे?" मी म्हटलं, "हो." मग मी बसचं विचारलं, गुडघ्याचं विचारलं. ती म्हणाली, "जेवलास का?" मी पुन्हा हो म्हटलं. निघताना तिनं तिसऱ्यांदा विचारलं. मोठ्या बहिणी असंच विचारतात, उत्तराशी त्यांना देणंघेणं नसतं, असं मनाशी म्हणत मी आत आलो.

आत मॅडम विचारत होत्या, "डिफेन्सबद्दल तुमची काही खास पद्धत?"

"मॅडम, मी मूळचा सावरगावचा," भाऊजी म्हणाले. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपले दोन गाव एकमेकांले गोटे मारतात ना, त्या गोटमारीत नदीच्या मधात झाड आम्ही गाडतो, वर झेंडा. झेंडा न्यायले तुमचं पांढुर्णा येते. तुमचे लोक झेंड्याकडं पाहत येतात. आम्ही झेंड्याकडं पाहत नाही, तुमच्या लोकांकडं पाहतो. बस, हेच डिफेन्स. बॉल पाहायले पब्लिक हाये. बॅकनं मानूस पाहावा."

मॅडम पक्क्या पांढुर्ण्याच्या. "पण झेंडा शेवटी आमच्याकडेच येतो," त्या म्हणाल्या.

"येते ना. आम्ही देतो तवा."

दोघांपैकी कोण, हे ठरेना. नातलगाची शिफारस करायची मला लाज वाटत होती, न करायचीही वाटत होती. शेवटी मॅडमनी तोड काढली. दोघांनी एकेक दुपार टीम घ्यावी, मग बघू.

नागपूरच्या तरुणानं मंगळवारी घेतली. बाण मुलांना तोंडपाठ झाले. चार वाजता ऊन तापलं आणि निळे बाण एकेक करून कडुनिंबाखाली जमा झाले.

शुक्रवारी भाऊजी आले. हातांची खुर्ची एकच होती, ती मी प्राध्यापकांच्या खोलीतून स्वतः डोक्यावर वाहून आणली. भाऊजींनी ती कडुनिंबाच्या गोलमागे ठेवली. या गोलची जाळी केव्हाच फाटून गेली आहे, नुसते तीन दांडे. खुर्चीत त्यांनी ताईला बसवलं, पिशवी तिच्या मांडीवर नीट ठेवली आणि चार बॅकना बोलावून घेतलं.

"हे माह्यी बायको. गोलले जाळी नाही. बॉल आत गेला की हिले लागते. समजलं?"

"समजलं, सर."

"मागं कोन हाये?"

"काकू हायेत."

"जोरात!"

"काकू हायेत, सर!"

आणि ते स्वतः जाऊन उभे राहिले कुठं, तर मैदानाच्या फाटकात, रस्त्याच्या बाजूला. खेळाकडे अर्धी पाठ करून.

काय सांगू, त्या दुपारी गोल झाला नाही. ज्यांना मी दोन वर्षांत पळताना पाहिलं नव्हतं ते पोरगे बॉलपुढं छाती घालत होते. बसायचं कोणाला सुचलं नाही. काकूंसमोर बसणार कसं? "वा भाऊजी!" मी टाळ्या वाजवत होतो. "काय युक्ती काढली!" माझं हे शेवटचं निदान.

तेवढ्यात ताई उठली. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन, हळूहळू. दोन दांड्यांच्या मधून ती मैदानात आली आणि चालू लागली, बाजारातून घरी निघावं तशी. बॉल तिच्या पुढून गेला, तिनं पाहिलं नाही. नीलेशनं हात वर करून खेळ थांबवला. त्याच्या डाव्या बॅकनं, जो सगळ्यात आळशी म्हणून मी ओळखत होतो, धावत जाऊन तिचा हात धरला. "काकू, तिकडं ऊन हाये. सावलीत बसा ना."

मी पोचलो तेव्हा मला धाप लागली होती. ताई माझ्याकडं बघत राहिली. मग त्या मुलाला तिनं विचारलं, "हे कोन हायेत रे?"

मुलगा माझ्याकडं पाहू लागला. ताईनं मला पुन्हा एकदा नीट न्याहाळलं, बहुतेक माझं तोंड उतरलेलं दिसलं असावं. म्हणाली, "जेवलास का रे बाबा?"

भाऊजी फाटक लावून सावकाश आले. तिला खुर्चीत बसवलं, पदर सारखा केला. मी विचारलं, "कधीपासून?"

"दीड-दोन साल."

दारं मोजणंसुद्धा तेव्हापासूनचंच होतं. फाटकावर नोकरीला होते तेव्हा हा माणूस दाराकडे पाठ करून घोरायचा, हे मला आत्ता आठवलं.

"मला सांगितलं का नाही?"

"तिनंच सांगितलं होतं, समजत होतं तवा. सुधाकरले सांगू नका, म्हने. तो घाबरते." भाऊजींनी मुलांकडं पाहिलं. मुलं लांब उभी राहून बुटांच्या नाड्या बांधत होती, बांधलेल्याच. "घरी दारं दोन हायेत, सुधाकर. अन् मी एकटाच बॅक आहो. पुढच्या दारी गेलो की मागचं उघडं. म्हटलं, इथं चार बॅक हायेत, एक गोलकीपर हाये. दोन घंटे तरी..."



नेमणुकीच्या कागदावर मॅडमनी त्याच संध्याकाळी सही केली. अटीच्या रकान्यात 'खुर्ची' लिहायची मीच त्यांना आठवण केली.

टीम अजून हरते, पण आता एक-शून्यानं हरते. मंगळवारी आणि शुक्रवारी मी आणि सरोज स्टँडवर जाऊन दोघांना उतरवून घेतो. शनिवार-रविवार आम्ही सौसरला असतो. भाऊजींनी मागचं दार सरोजला दिलं आहे आणि ती मोक्याची जागा आहे असं ती मला ऐकवते. ऑफसाइड मला अजून कळलेलं नाही. मैदानावर मला एक जागा नेमून दिली आहे, कडुनिंबाच्या गोलमागे, खुर्चीच्या डाव्या हाताला, रस्त्याकडं तोंड करून. तिथून सामना दिसत नाही. मैदानातून अधूनमधून भाऊजींची हाक येते, "मागं कोन हाये?" आणि मुलांच्या आधी मीच ओरडतो.

ताई विचारते, "जेवलास का?"

आताशा मी 'नाही' म्हणतो. 'हो' म्हटलं की ती नुसती हसते. 'नाही' म्हटलं की पिशवीत हात घालते, संत्रं काढते, सोलते, फोडीचे सगळे धागे काढते, बी काढते, आणि एकेक फोड माझ्या हातावर ठेवत राहते. संपलं की पुन्हा विचारते.