तार नाकारणारे आवासकर

आवासकर रोज सकाळी तारीख बदलायचे. म्हणजे खरोखरच बदलायचे, हाताने. सोलापुरातल्या आमच्या पोस्टात टपालावर मारायचा शिक्का त्यांच्या ताब्यात होता. पत्र्याच्या डबीतून चिमट्याने कालचा आकडा काढायचा, आजचा बसवायचा आणि स्क्रू आवळायचा, एवढंच काम. दोन मिनिटांचं. आवासकरांना त्याला वीस मिनिटं लागत. कारण त्या दिवशी त्यांच्या लोकांचं काय झालं होतं, हे सांगून झाल्याशिवाय ते स्क्रू आवळत नसत.

त्यांचे लोक म्हणजे बेने इस्राएल, आपल्या कोकणातले यहुदी. "आमच्याकडे अलिबागेस आम्हाला शनवार तेली म्हणतात," ते सांगत. "तेल गाळायचं आणि शनवारी घाणा बंद. आजोबांनी घाणा सोडला, बापाने पलटण धरली, मी शिक्का धरला." अंगाने बारीक, कानावर केसांचे झुबके, डोक्यावर काळी टोपी. मी तिथे कारकून, ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. लग्न केलेलं नव्हतं. रेल्वेलाइनीजवळ एका खोलीत राहत.

त्यांच्याकडे मुंबईहून आलेलं एक छोटं पंचांग असे. यहुदी महिने आपल्यासारखे चंद्रावर चालतात, पण नावं वेगळी. फाल्गुनाच्या सुमारास एका सकाळी ते म्हणाले, "विष्णू, आज मोशे जन्मला. आणि आजच वारला."

"एकाच दिवशी?"

"मध्ये एकशे वीस वर्षं गेली रे. पण तारीख तीच. याला म्हणतात नेमकेपणा."

आमचा पोस्टमन बसप्पा थैली भरता भरता रोज विचारायचा, "साहेब, आज कोण वारलं वो तुमच्यात?" आवासकरांना राग येत नसे. कोणी वारलं नसेल त्या दिवशी ते ओशाळून सांगत, "आज तसं काही नाही. पण तारीख साधी समजू नकोस. आपल्याला माहीत नाही, एवढंच."

दुपारी टपाल कमी असे. वरच्या काचेतून उन्हाचा एक पट्टा टेबलावर उतरायचा, त्यात धूळ तरंगायची, लांब कुठेतरी गिरणीचा भोंगा व्हायचा. आवासकर हलक्या आवाजात यरुशलेमहून कैद करून नेलेल्या, बाबेलच्या नदीकाठी रडत बसलेल्या त्यांच्या माणसांविषयी बोलत राहायचे. मला पेंग यायची. अर्धवट झोपेत वाटायचं की बाबेल अक्कलकोटच्या थोडं पलीकडे असेल, आणि यरुशलेमची तटबंदी गाडीतून उतरल्याबरोबर दिसत असेल. आजही डोळे मिटले की मला यरुशलेम दिसतं, आणि त्याला आमच्या किल्ल्याचे बुरूज असतात.

त्यांच्या शिक्क्यावरून दिवस ओळखू यायचा. आपल्या होळीच्या आदल्या दिवशी त्यांचा एक सण असतो. हामान नावाच्या दुष्ट प्रधानाने सगळे यहुदी मारायचं ठरवलं आणि तोच फासावर गेला, त्याचा. त्या दिवशी आवासकर प्रत्येक पाकीट म्हणजे हामानचं डोकं समजून शिक्का हाणत. टेबल हादरे, दौतीतली शाई सांडे. पोस्टमास्तर आतून ओरडत, "आवासकर, पार्सलात बांगड्या आहेत."

"साहेब, आज माझ्या हातात नाही," ते उत्तर देत.

एकाच गोष्टीचं त्यांना दुःख होतं. त्यांचे पूर्वज ज्या गलबतातून आले ते नौगावच्या किनाऱ्याशी फुटलं, सात जोडपी वाचली, अशी त्यांच्यात कथा आहे. "पण तारीख कुणी लिहून ठेवली नाही," ते म्हणत. "चौदा माणसं भिजून वर आली आणि एकाच्याही मनात आलं नाही की आज वार कोणता. पोस्टातला एक माणूस हवा होता त्यात."

वर्षातला सर्वांत जड दिवस मात्र नवमीचा. आव महिन्याची नवमी आपल्या आषाढात किंवा श्रावणात पडते. त्या तिथीला यरुशलेमचं मंदिर जळलं, पुन्हा बांधलं तेही कित्येक शतकांनी त्याच तिथीला पडलं, आणि स्पेनमधून यहुद्यांना हाकललं तेही त्याच सुमारास. आवासकर त्याला बिरड्याचा सण म्हणत, कारण आधीचे आठ दिवस मांस वर्ज्य आणि वालाचं बिरडं खायचं. नवमीला कडक उपास. चपला घालायच्या नाहीत, खुर्चीवर बसायचं नाही. ते टपालाची थैली पसरून जमिनीवर बसत आणि शिक्का इतका हळू टेकवत की तारीख उठतच नसे. दरवर्षी त्या दिवसाच्या पत्रांबद्दल तक्रारी येत.

"आज माझ्या नावाचं पत्र आलं तर उद्या दे," ते मला बजावत. "आजच्या दिवशी बातमी उघडायची नाही. पत्राला घाई नसते. तार आली तर मात्र लगेच दे. तारेला सण नसतो."

हे शेवटचं वाक्य फक्त मी ऐकलेलं होतं.

त्यांना पत्र लिहिणारं माणूस एकच, मुंबईला उमरखाडीत राहणारी थोरली बहीण, रिबकाबाय. महिन्याला एक पत्र.

मी चोवीस वर्षांचा असतानाच्या नवमीला दुपारी अडीच वाजता तार आली. तारबाबूने माझ्या हातात दिली, कारण आवासकर माझ्याच खोलीत असत. रिबकाबाय अत्यवस्थ, ताबडतोब निघा. आवासकर त्या वेळी माझ्यापासून दहा पावलांवर जमिनीवर बसलेले होते, पाठमोरे. आभाळ भरून आलं होतं, आमच्याकडे येतं तसं, नुसतंच. खोलीत इतका अंधार होता की ते झोपेत शिक्के मारताहेत असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मला बार्शीला मुलगी पाहायला जायचं होतं. आधी दोन ठिकाणी जमता जमता मोडलं होतं. माझ्या जागी उभं राहायचं आवासकरांनी कबूल केलं होतं. ते संध्याकाळच्या मेलने गेले तर माझी रजा रद्द होणार होती. ती मेल चुकली, तर थेट मुंबईला जायला दुसऱ्या दिवशीच्या मेलखेरीज गाडी नव्हती. तोवर मी बार्शीहून परत येणार होतो. एका दिवसाने काय होतं, असा विचार मी केला. आणि मनाला सांगितलं की आज नवमी आहे, त्यांनीच नको म्हटलं आहे.

मी तार खिशात ठेवली. साडेसहाला मेल गेल्याची शिट्टी आम्ही दोघांनी ऐकली. सव्वासातला मी तार त्यांना दिली.

त्यांनी ती वाचली. वरची तारेची वेळ वाचली. मग माझ्याकडे पाहिलं, आणि पावतीवर सही केली. "उद्या तू जा," एवढंच म्हणाले.

मी गेलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिक्क्यात तारीख बसवली, माझं आणि त्यांचं दोघांचं काम केलं. दुपारी दुसरी तार आली. रिबकाबाय सकाळी आठ वाजता गेली होती. आदल्या संध्याकाळच्या मेलने ते पहाटेच पोचले असते. त्यांच्यात माती लवकर देतात. ते मुंबईला उतरले तेव्हा सगळं उरकलेलं होतं.

दहा दिवसांनी ते कामावर आले त्या दिवशी पोस्टमास्तरांनी आम्हाला बोलावलं. अडीचची तार आणि सव्वासातची सही त्यांच्या लक्षात आली होती. तार दाबून ठेवणं म्हणजे नोकरी गेलीच.

"तार कोणाकडे होती?" त्यांनी विचारलं.

आवासकर म्हणाले, "साहेब, याने लगेच आणली होती. मीच घेतली नाही. आमचा उपासाचा दिवस होता."

पोस्टमास्तरांनी चष्मा काढला. "तुम्ही पोस्टातले असून तार नाकारलीत?"

"नाकारली."

दारात बसप्पा उभा होता. "बहिणीची तार परत लावली?" तो म्हणाला. "लईच की वो साहेब तुमी."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. आवासकरांना लेखी ताकीद मिळाली आणि जन्माचं नाव मिळालं. पुढे किती पोस्टांत मी बदलून गेलो, तिथे माझ्या आधी ही गोष्ट पोचलेली असायची. सोलापूरचा तो वेडा, सण आहे म्हणून तार नाकारणारा. माझ्या निरोपसमारंभातसुद्धा एकाने ती रंगवून सांगितली. सगळे हसले. मीही हसलो.

ताकीद मिळाली त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी त्यांच्यापाशी जाऊन उभा राहिलो. ते फडक्याने शिक्क्यातली शाई पुसत होते.

"मला मारा," मी म्हणालो.

"नवमीला आधीच पुष्कळ जळलंय," ते म्हणाले. "मंदिर दोनदा जळलं. त्यात आणखी तुझी नोकरी कशाला?"

मी रडायला लागलो. त्यांनी मला रडू दिलं. मग शिक्क्याकडेच पाहत म्हणाले, "या गावात आमची घरं तीन-चार. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तेवढे जमत नाहीत. माझा एखादा दिवस चुकला तर बाय पत्रात लिहायची, दावीद, तू एक दिवस पुढे गेला आहेस. म्हणून मी मोठ्याने बोलतो रे. कोणी तरी म्हणेल, चुकलं. आता म्हणणारं कोणी नाही."

फडकं बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "मुलगी कशी होती?"

"बरी आहे," मी म्हणालो.

"बरी काय? नाव सांग."

"यमुना."

"पसंत आहे?"

मी मान हलवली. "मग झालं," ते म्हणाले, आणि शिक्का कपाटात ठेवून त्यांनी कुलूप लावलं.

यमुनेबरोबर माझा संसार एक्कावन्न वर्षांचा झाला. चांगला झाला. तिलाही मी हे सांगितलं नाही. आवासकर कधीच गेले, ती गेल्या वर्षी गेली, आणि आता ज्याच्यापुढे मान खाली घालावी असं कोणी उरलेलं नाही. म्हणून लिहून ठेवतो. दावीद आवासकरांनी तार नाकारली नव्हती. तार अडीचला आली. ती माझ्या खिशात होती. ते दहा पावलांवर बसले होते.