ताराच्या पोटातलं चुंबक

बाळांनो, क्षणभर डोळे मिटा आणि मनात एक म्हैस उभी करा. चांगली धिप्पाड, काळीभोर, उचगावच्या गोठ्यात निवांत रवंथ करणारी. आता तिच्या पोटात एक लोहचुंबक आहे असं समजा. हसू नका. चाऱ्याबरोबर तारेचा तुकडा, एखादा खिळा म्हैस गिळून टाकते. तो आत रुतू नये म्हणून जनावरांचे डॉक्टर तिच्या पोटात एक चुंबक सोडतात. खिळे त्यालाच चिकटून बसतात.

ही म्हैस तारा, जोतीराम आबांची. तिच्या पोटातल्या चुंबकाचा आबांना भारी अभिमान. घरी पावणं आलं की चहाच्या आधी चुंबकाची गोष्ट.

म्हणून सूनबाई वर्षाराणी मोबाईल घेऊन धावत आली तेव्हा आबा जागचे हलले नाहीत. नात ईश्वरीला वाढदिवसाला चुंबकाच्या बारीक गोळ्यांचा खेळ मिळाला होता. तो खेळ कंपनीनं परत मागवला होता. मुलांनी गोळ्या गिळल्या तर जिवाला धोका, असं मोबाईलवरच्या सूचनेत लिहिलं होतं.

"आबा, वाचा की हे."

चष्मा पत्र्याच्या डबीत, डबी आबांच्या खिशात. पण काढतंय कोण?

"वाचायचं काय त्यात? आमच्या ताराच्या पोटात कवाधरनं चुंबक हाय. दूध कमी झालंय व्हय?"

वर्षाराणीनं गोळ्या गोळा करून खोक्यात बसवल्या. दोन खळगे रिकामेच राहिले. सगळ्यांच्या नजरा ईश्वरीच्या धाकट्या भावाकडे, यशराजकडे वळल्या.

यशराज जेमतेम बोलायला शिकलेला. गोळ्या खाल्ल्यास का, असं आईनं विचारलं. तो म्हणाला, व्हय. आबांनी विचारलं, हत्ती खाल्लास का? त्यालाही व्हय. असल्या साक्षीदारापुढं कोर्टानंही हात टेकले असते.

पडतील उद्या सकाळी, असं म्हणून आबा पुन्हा लोडाला टेकले. तेवढ्यात ईश्वरीनं विचारलं,

"आबा, ताराच्या पोटात चुंबक किती हायत?"

"एकच."

"दुसरं का न्हाय घातलं?"

हे डॉक्टरला विचारायचं आबांचं राहूनच गेलं होतं. ईश्वरीनं खोक्यातल्या दोन गोळ्या काढल्या. आबांच्या धोतराचा सोगा धरून एक गोळी अलीकडं ठेवली, एक पलीकडं. टच्‌कन दोन्ही चिकटल्या आणि मधलं कापड असं चिमटलं की सुटता सुटेना.

"आबा, हितं कापडाऐवजी आतडं असलं तर?"

आबांनी धोतराकडं पाहिलं. मग यशराजच्या एवढ्याशा पोटाकडं पाहिलं. आणि त्याला कडेवर घेऊन जे उठले ते अनवाणीच रस्त्यावर. रिक्षावाल्याला, दवाखान्याच्या वॉचमनला, औषधं घ्यायला आलेल्या बायकांनाही त्यांनी विचारल्याशिवाय सांगितलं, की पोरानं चुंबक गिळलंय. यशराज सगळ्यांना हात हलवून दाखवत होता.

पोटाचा फोटो निघाला. पोट साफ होतं. वर्षाराणी इतका वेळ धीरानं उभी होती, ती आता भिंतीला टेकून रडली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, आणलंत ते बरं केलंत. एक गोळी एखादवेळेस निघून जाते, पण दोन असल्या की आतड्याच्या घडीतून एकमेकींना धरतात आणि भोक पाडतात. मग त्यांनी वर्षाराणीचा मोबाईल आबांपुढं धरला.

"आजोबा, आता तरी वाचा."

आबांनी खिशातून चष्म्याची डबी काढली. सकाळी ती ईश्वरीच्या खेळातच पडली होती. डबीच्या बुडाला दोन चकचकीत गोळ्या चिकटलेल्या होत्या.

"व्हय," यशराज म्हणाला. कुणी न विचारताच.

आबांनी चष्मा लावला आणि ती सूचना अथपासून इतिपर्यंत वाचली, मोठ्यानं.

घरी आल्यावर सगळ्या गोळ्या परत पाठवायला खोक्यात बंद झाल्या. ईश्वरी मात्र कुठं दिसेना. आबा शोधत गोठ्याशी आले आणि दारातच थांबले. पोरीनं दोऱ्याला एक टाचणी बांधली होती. ती ताराच्या पोटाजवळ धरून, श्वास रोखून, टाचणी हलते का ते बघत होती.