आशाबाईंच्या माहेरावरून

"ज्या माणसाले आपला इतिहास माहीत नाही, तो माणूस म्हणजे बिनतिकिटाचा प्रवासी," असं म्हणून वामनरावांनी घाटावरच्या काळ्या शिळेवर हात ठेवला. "ही वीरगळ पाहा. कमीत कमी सातशे वर्षं जुनी."

"काका, हात काढा," मागून बादली घेऊन आलेली बाई म्हणाली. "कपडे धुवाचे हायेत."

वामनरावांनी हात काढला, मत ठेवलं. बडनेऱ्याला टीसी म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती. तिकिटं तपासता तपासता माणसं तपासायची सवय लागली, आणि निवृत्तीनंतर तिकिटं तेवढी गेली. चहा ओतण्यापासून हार घालण्यापर्यंत जगात कोणी काही बरोबर करत नाही, हे ते ज्याचं त्याला वेळच्या वेळी सांगत. आज मोर्शीच्या पुढचं हे धरणाकाठचं गाव त्यांनी सुधारायला घेतलं होतं. कार्यक्रम ठरलेला होता: घाट, हेमाडपंती देऊळ, बोटीतून बेट, मग डबा.

त्यांच्या पत्नी आशाबाईंचा कार्यक्रम एवढा मोठा नव्हता. त्यांचं माहेर या पाण्याखाली होतं. धरण भरलं, भाऊ अकोल्याला गेले, आणि इकडे यायचं "पाहू एखाद्या वेळेस" करत वामनरावांची नोकरी संपली. आशाबाईंनी पिशवीत खण, नारळ आणि तांदूळ आणले होते. लेकीची ओटी माहेरानं भरायची असते. पण माहेरालाच उठून येता येत नसल्यामुळे या खेपेला लेक माहेराची भरणार होती.

मुलगा पियुष पाण्याला भीत असे. तो डबा राखायला काठावर थांबला. वामनराव, आशाबाई आणि सून रागिणी लाइफ जॅकेट घालून बोटीत बसले.

"भाऊ, आमच्या गावावरून नेता का?" आशाबाईंनी नावाडी देवीदासला विचारलं.

"तिकडे बोट नाई जात, मावशी," देवीदास म्हणाला. "पाण्यात बाभळीचे खोडं हायेत. मशीनचा पंखा तुटते."

"आधी बेट पाहू," वामनराव म्हणाले. "बेट ऐतिहासिक आहे."

"अन् माहं माहेर?"

"ते काही कुठं चाललं नाही."

आशाबाईंनी पिशवी मांडीवर घेतली. बोट मधोमध आल्यावर त्यांनी इथूनच ओटी सोडायचं ठरवलं आणि त्या पुढच्या बाजूनं पाण्यावर वाकल्या.

"काहून तिकडून सोडून राहिली?" वामनरावांनी अडवलं. "ओटी पूर्वेकडे तोंड करून सोडतात."

पूर्व बोटीच्या मागे होती. पूर्वेला बोटीचं मशीनही होतं. आशाबाईंनी हात जोडून ओटी शास्त्राप्रमाणे सोडली. नारळ तरंगत गेला, तांदूळ बुडाले, खण पंख्यानं घेतला. मशीननं एक उचकी दिली आणि ते बंद पडलं.

देवीदासनं खाली हात घालून पाहिलं. "चांगलाच गुंडाळला. काठाचा होता का, मावशी?"

"इरकली होता."

"म्हणूनच."

"वल्हं कुठं आहे?" वामनरावांनी विचारलं.

"घाटावर. भजेवाल्याच्या ताडपत्रीले टेकू देला हाये."

"हे नियमात बसत नाही."

"ताडपत्री पडत होती, काका."

रागिणीनं पियुषला फोन लावला. त्यानं दुसरी बोट पाठवतो म्हणून सांगितलं आणि डबा उघडला तर चालेल का, असं विचारलं. तोवर वारा सुटला. बोट बेट सोडून एका बोडक्या टेकडीकडे सरकू लागली.

आशाबाई ताठ बसल्या. "हे तर आमची टेकडी होय," त्या म्हणाल्या. "हिच्या पायथ्याशीच गाव होतं."

मग त्या बोलू लागल्या. इथं पार. इथून सुभद्राकाकूचं घर, ती कोणालेही जेवल्याशिवाय जाऊ देत नव्हती. ही विहीर, हिचं पाणी गोड. वामनरावांना जावई असूनही हे काहीच माहीत नव्हतं. सासरवाडीला ते नेहमी परतीच्या गाडीचं वेळापत्रक पाहतच येत.

"आई, तुमचं घर कुठं?" रागिणीनं विचारलं.

"येते ना आता. वारा असाच राहिला तर येते."

देवीदास वामनरावांच्या कानाशी आला. "काका, मावशीचं गाव त्या पल्याडच्या टेकडीमांगं होतं," तो हळूच म्हणाला. "हे आमच्या आजाचं वावर होय. इथं कापसाच्या पराटीशिवाय काईच नव्हतं."

वामनरावांचं तोंड उघडलं. चुकीच्या डब्यातला प्रवासी दिसला की उघडायचं, तसंच. त्यांनी आशाबाईंकडे पाहिलं. आशाबाईंनी पाण्यात मनगटापर्यंत हात बुडवला होता आणि तो तसाच ठेवला होता. एखाद्या झोपलेल्या माणसाच्या पाठीवर ठेवावा तसा.

"काय म्हणून राहिला तो?" आशाबाईंनी विचारलं.

वामनरावांनी तोंड मिटलं. परत उघडलं.

"गाव बरोबर सांगून राहिली म्हणते."

देवीदासनं पाण्याकडे पाहिलं आणि मान हलवली. आजाच्या वावरात एक गाव वसवायला त्याची हरकत नव्हती.

एवढ्यात दुसरी बोट भटभटत आली. तिच्यातल्या माणसानं दोर उचलला.

"जरा थांब रे," वामनराव ओरडले. "घर अजून यायचं आहे."

वारा मंदावला. बोट थोडी सरकली आणि उभी राहिली. आशाबाईंनी टेकडीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला. मग त्यांचं लक्ष वामनरावांच्या पायांकडे गेलं.

"अवो," त्या हळूच म्हणाल्या, "तेवढे बूट काढा. घरात आलो आपण."