नायटा कोणाचा

बायकोच्या मनगटावर लाल, खरखरीत चट्टा उठला तेव्हा मास्तर नुसते गुरगुरले. पाठोपाठ तसाच चट्टा मुलीच्या मानेवर उठला आणि त्यांचा पारा चढला. मास्तर गाडी चालवायला शिकवत. दिवसभर शिकाऊ लोकांशेजारी जीव मुठीत धरून बसल्यामुळे, घरी कोणी दार जोरात लावलं तरी ते ओरडत, "क्लच दाबा, क्लच!"

"नायटा आहे हा," ते म्हणाले. "आणि कोणी आणलाय ते मला सांगायला नको."

मुलीने रस्त्यावरून उचलून आणलेली मांजर सोफ्यावर झोपली होती. तिच्या कानामागचे केस गेले होते.

"बाबा, अजून डॉक्टरांनी काही सांगितलं नाहीये."

"डॉक्टर कशाला हवा? पुरावा कानामागे दिसतोय."

त्यांनी मांजरीला बाल्कनीत कोंडलं. तिने असा गळा काढला, की शेजारीण दारात येऊन विचारून गेली, घरात कोणी आजारी आहे का. मास्तरांनी सोफ्याचं कव्हर उकळत्या पाण्यात टाकलं. कव्हर आटलं आणि सोफ्याला बसेना. त्याचा राग घेऊनच ते कामावर गेले. तिथे पायाला अशी खाज सुटली, की बूट काढून ते खाजवत बसले. नेमकी त्याच वेळी शिकाऊ बाईंनी गाडी रस्त्यालगतच्या कचराकुंडीवर घातली. मास्तरांच्या बाजूच्या ब्रेकवर पायच नव्हता.

"हे सगळं त्या मांजरीमुळे," घरी येऊन ते कडाडले. "आज हिचा निकाल लावतो."

मांजरीचा गुन्हा जनावरांच्या डॉक्टरबाईंच्या तोंडूनच ऐकावा, म्हणून ते जातीने दवाखान्यात गेले. सोबत बायको होती आणि मांजरीला घेऊन मुलगी. मुलीने आधीच करून घेतलेल्या मांजरीच्या कातडीच्या तपासणीचा निकाल आला होता.

"बुरशी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मी म्हणालोच होतो."

"पण बुरशा नाना तऱ्हेच्या असतात. एखादी झाडाच्या मुळांना पोसते, एखादी अख्खं झाड कुजवते. कातडीवर येणाऱ्यांच्याही आवडीनिवडी असतात. जनावरांच्या वेगळ्या, माणसांच्या वेगळ्या."

"आणि ही?"

"ही माणसांची. मांजरांना सहसा होत नाही. घरात कोणाच्या पायाला, बोटांच्या बेचक्यात काही झालंय का?"

बायको आणि मुलगी, दोघींनी मास्तरांच्या बुटांकडे पाहिलं.

"चिखल्या आहेत थोड्या," मास्तर तडकून म्हणाले. "दिवसभर बूट घालणाऱ्या कोणालाही होतात."

"कधीपासून आहेत?"

"लग्नात होत्या," बायको म्हणाली. "पाय पुसतात आणि ओला टॉवेल सोफ्यावर टाकतात. मी तो उचलते. मांजर त्याच्यावर झोपते आणि मुलगी मांजरीला गळ्याशी घेते."

डॉक्टरबाईंनी मांजरीला औषध दिलं, तिघांना माणसांच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं, आणि बरे होईपर्यंत मास्तरांनी मांजरीपासून लांब राहावं अशी ताकीद दिली.

संध्याकाळी मास्तरांना वेगळा टॉवेल आणि बसायला प्लास्टिकची खुर्ची मिळाली. ते धुमसत बसले. चहासुद्धा परत पाठवला. तेवढ्यात मांजर सोफ्यावरून उतरली, शेपटी ताठ करून त्यांच्याकडे आली आणि पायाला अंग घासू लागली.

"हट," मास्तर खेकसले आणि दोन्ही पाय वर घेऊन खुर्चीत मांडी घालून बसले. "अक्कल आहे का तुला? परत होईल ना."