जंगलकोट आणि पळसाच्या पानाची दश्शी

एका जंगलात मोहाचे एक झाड होते आणि त्या झाडाखाली रोज दुपारी भांडण होत असे.

मुलांनो, या कथेचे दोन पाठ आढळतात. नदीपलीकडच्या पाठात झाड मोहाचे नसून आंब्याचे आहे. भांडण मात्र दोन्ही पाठांत आहे; म्हणून अभ्यासक झाडाला तपशील मानतात आणि भांडणाला कथेचे मूळ अंग.

भांडण पत्त्यांवरून होई. खेळ मेंढीकोटाचा. चार भिडू, दोन जोड्या. चारही दश्श्या एका जोडीने जिंकल्या की दुसऱ्या जोडीवर कोट चढे. कोट चढलेल्यांनी सूर्य मावळेपर्यंत डोक्यावर पानांची टोपी घालून हिंडावे आणि भेटेल त्याला कोट कसा चढला ते सविस्तर सांगावे, अशी तिथली चाल होती.

एका जोडीत गवाआप्पा आणि घोरपडमावशी. दुसरीत तरसभाऊ आणि साळिंदरकाका. तरसभाऊंकडे हुकमाचा एक्का आला की ते डावा कान खाजवत. साळिंदरकाकांना चांगली पाने आली की त्यांचे काटे आपोआप उभे राहत. चौकटची दश्शी फार पूर्वी ओढ्यात वाहून गेली होती. तिच्या जागी पळसाचे एक वाळके पान घेतले होते. ते कोणाच्या हातात आहे हे चौघांनाही दिसे आणि फांदीवरच्या वानरालाही.

वानर नुसते बघून थांबत नसे. “मावशी, आत्ता नाही टाकलंत तर काय नातवंडांसाठी ठेवणार आहात?” असे तो वरून विचारी.

“तू तुझ्या उवा बघ रे!” मावशी ओरडत.

असे कित्येक वर्षे चालले होते.

एकदा वनराज वाघ शेजारच्या जंगलाच्या दौऱ्यावर गेले. तिथला प्रत्येक प्राणी हातातल्या मोबाइलकडे पाहत बसला होता. वनराज त्यांच्या अगदी जवळून गेले तरी कोणी पळाले नाही. वनराजांना ही प्रगती फार आवडली. परत येताच त्यांनी कल्पक नावाच्या उदमांजराला बोलावले. कल्पक बाहेरच्या जंगलात शिकून आला होता.

“आपल्या प्रजेचे पत्ते मोबाइलवर आण,” वनराज म्हणाले. “फाल्गुनी पौर्णिमेला मी खेळाडू मोजीन. निम्मी प्रजा खेळत असली तर तू माझा मंत्री. नसली तर त्या दुपारी माझ्याकडे जेवायला ये. ताट एकच मांडलेले असेल.”

कल्पक हुशार होता. आपण ताटाच्या कोणत्या बाजूला असू हे त्याला विचारावे लागले नाही.

तो आठ दिवस मोहाखाली बसला. त्याने सारे टिपून घेतले. तीन तासांच्या बैठकीत प्रत्यक्ष खेळ चाळीस मिनिटांचा. उरलेला वेळ वादात, वाट पाहण्यात आणि कालच्या डावाच्या चर्चेत जातो. एक खेळाडू खुणा करतो. एकाचे काटे त्याची पाने फोडतात. एक पत्ता वनस्पती आहे. प्रेक्षक सल्ला देतात. हरणाऱ्याची अप्रतिष्ठा होते.

एवढे दोष असलेला खेळ आजवर टिकला कसा, याचेच त्याला आश्चर्य वाटले. याचे उत्तर शोधावे असे मात्र त्याला वाटले नाही. तो दोष काढून टाकण्याच्या कामाला लागला.

अशा रीतीने ‘जंगलकोट’ तयार झाला. प्रत्येक गुहेत, बिळात आणि ढोलीत मोबाइल पोहोचला. पाने यंत्र वाटी. समोर कोण आहे हे दिसत नसे, त्यामुळे खूण करणे अशक्य होते. बोलण्याची सोय नव्हती. पाहिजे तर हसरा चेहरा पाठवता येई. हरणाऱ्याला ‘सुंदर प्रयत्न!’ असे लिहिलेले कमळ मिळे. सलग दोनदा हरलेल्याला यंत्र तिसऱ्यांदा जिंकून देई. भिडू कमी पडला तर यंत्र स्वतःच भिडू होई आणि ‘वनलता’ किंवा ‘सुवर्णशृंग’ असे एखादे नाव घेई.

पहिल्या आठवड्यात सारे जंगल खेळले. मोहाखाली गवत उगवले.

साळिंदरकाका तर ओळीने एकोणीस डाव जिंकले. आता त्यांचे काटे पाहणारे कोणी नव्हते.

“मी एकोणीस डाव जिंकलो,” त्यांनी बायकोला सांगितले.

“बरं,” ती म्हणाली.

विसावा डाव त्यांनी अर्धाच सोडला.

दुसऱ्या आठवड्यात निम्मे खेळाडू गळाले. कल्पकने टिटव्या नेमल्या. त्या ढोलीढोलीवरून ओरडत फिरू लागल्या : “तुमची दश्शी तुमची वाट पाहते आहे! आज खेळलात तर दोन कमळे फुकट!” प्राण्यांनी ढोलीच्या तोंडाशी पाला कोंबला. कल्पकने कमळे दुप्पट केली, मग चौपट. ज्यांना कमळ नको होते त्यांना चार कमळेही नको होती, एवढाच निष्कर्ष त्यातून निघाला.

तेव्हा त्याने प्रश्नावली काढली. खेळात काय आवडले नाही? सर्वांनी उत्तर दिले : “सगळं छान आहे.” आपल्याकडे यजमानाच्या तोंडावर आमटी अळणी आहे असे कोणी म्हणत नाही, पाहुणा फक्त पुन्हा येत नाही. बाहेर शिकलेल्या कल्पकला हे ठाऊक नव्हते. त्याने ‘समाधानी : शंभर टक्के’ अशी नोंद केली आणि पौर्णिमेला तीन दिवस उरले.

घाबरून तो स्वतःच विचारायला निघाला. मोहाखाली पाहतो तो आप्पा, मावशी आणि काका पत्ते पिसत बसलेले. तरसभाऊ बहिणीच्या लग्नाला गेले होते.

“आलास? बस. भिडू कमी आहे,” गवाआप्पा म्हणाले.

“आप्पा, मी विचारायला आलोय. तुम्ही जंगलकोट का सोडलात?”

“बसून विचार.”

कल्पक काकांचा भिडू झाला. त्याच्या वाट्याला पळसाचे पान आले. त्याने ते दोन पत्त्यांच्या आड सरकवले.

“लपव बाळा, लपव,” मावशी म्हणाल्या. “इकडून नुसता पळस फुललेला दिसतोय.”

“पण हे तर तुम्हाला दिसतंय! मग खेळायचं कसं?”

“तुझ्याकडे आहे हे मला ठाऊक. मला ठाऊक आहे हे तुला ठाऊक. आता वाचवून दाखव की!” आप्पा म्हणाले.

कल्पकने पुष्कळ हिशेब केला. सहाव्या हाताला त्याने किलवरची राणी उतरली, आणि आप्पांनी ती हुकमाच्या दुर्रीने मारली. तो हात गेला, मग पळसाचे पान गेले. चारही दश्श्या समोर गेल्या. कोट चढला.

“थांबा!” कल्पक ताडकन उठला. “आप्पा, तुमच्याकडे किलवर होतं! शेवटच्या हाताला तुम्ही किलवरची सत्ती टाकलीत! किलवर असून हुकूम मारलात!”

“मारला असेल. तेव्हा का नाही बोललास?”

“म्हणजे कबूल करता?”

“कबूल कुठं? म्हणालो, असेल.”

“हा लबाडपणा आहे!”

“लबाड कोणाला म्हणतोस, दाराआड घाण करणाऱ्या?”

वाद दीड तास चालला. काकांचे काटे दुसऱ्याच कारणाने उभे राहिले. वानर पुरावा देण्यासाठी दोनदा खाली उतरला आणि दोन्ही वेळा त्याने वेगवेगळी साक्ष दिली. शेवटी पानांची टोपी घालून जाताना कल्पक वळला आणि रागानेच म्हणाला, “उद्या किती वाजता बसता?”

आपला खेळ का बुडाला ते त्याला त्या क्षणी कळले. कळणे आणि ते वनराजांना सांगणे यांत मात्र बरेच अंतर असते.

पौर्णिमा आली. ताट मांडलेले होते.

“किती खेळाडू?” वनराजांनी विचारले.

“एक, महाराज.”

“कोण तो?”

“आपण.”

हे खरे होते. वनराज रोज खेळत. त्यांना प्रत्येक डावात चारही दश्श्या मिळत; तशी व्यवस्था कल्पकने पहिल्याच दिवशी करून ठेवली होती. ते सहाशे बारा डाव खेळले होते आणि सहाशे बारा जिंकले होते.

वनराजांनी शेपटी आपटली. “मग बाकीचे का गेले?”

कल्पकने ताटाकडे पाहिले. “आपल्यासमोर टिकायचं कोणी, महाराज?”

वनराजांच्या मिशा हळूहळू वर गेल्या. “असं होय! माझ्या धाकाने पळाले! वाटलंच होतं मला. पण पळून गेले कुठे?”

इथे दोन्ही पाठांत कल्पक थांबतो. नदीपलीकडच्या पाठात तो जरा अधिक थांबतो. पण दोन्हींकडे सांगतो.

कल्पक मंत्री झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी वनराज मोहाखाली आले. सोबत सोनेरी कडांचा कोरा जोड होता. बावन्नच्या बावन्न पत्ते छापील.

“मनमोकळं खेळा,” वनराज म्हणाले. “इथे मी राजा नाही.”

भिडू पाच झाले, म्हणून दर डावाला एकजण आळीपाळीने उठून वनराजांना जागा देई. तरसभाऊ कान न खाजवता बसले. साळिंदरकाकांनी काटे ओल्या मातीने लिंपून घेतले होते. घोरपडमावशींच्या हातात एक्का होता. त्यांनी वनराजांच्या सत्तीवर पंजी टाकली. डाव दहा मिनिटांत संपला. मग दुसरा, मग तिसरा.

“तुम्ही भांडत का नाही?” वनराजांनी विचारले. “मी तर ऐकलं होतं की इथे भांडण असतं. भांडा. माझी आज्ञा आहे.”

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. गवाआप्पांनी घसा खाकरला. “तरसभाऊ, आपली मघाची उतारी किंचित चुकली, असं नम्रपणे सुचवावंसं वाटतं.”

“आपलं म्हणणं रास्त आहे, आप्पासाहेब,” तरसभाऊ म्हणाले. “मी आभारी आहे.”

“खेळ आवडला ना?” वनराजांनी उठताना विचारले.

“सगळं छान आहे, महाराज,” चौघे म्हणाले.

तिसऱ्या दिवशी गवाआप्पांच्या खुराला सूज आली. मावशींना कसलेसे व्रत लागले. तरसभाऊंच्या बहिणीचे पुन्हा लग्न निघाले. साळिंदरकाका कुठे गेले ते कोणी सांगितले नाही. मोहाखाली वनराज आणि त्यांचा मंत्री संध्याकाळपर्यंत समोरासमोर बसून राहिले.

“पत्त्यांत काही अर्थ नाही,” शेवटी वनराज म्हणाले. “आता सोंगट्या काढ. पुढच्या पौर्णिमेला मोजू.”

“होय, महाराज,” कल्पक म्हणाला. दुसरे काही म्हणण्याची त्या झाडाखाली आता चाल उरली नव्हती.

तात्पर्य : मुलांनो, खेळताना थोडी लबाडी अवश्य करावी. मात्र ती अशाच सवंगड्याशी करावी, जो आपल्याला तोंडावर लबाड म्हणू शकेल. ज्याला तसे म्हणता येत नाही, त्याच्याशी सचोटीने खेळणे हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे.